रंगीत कापसाचा हंगाम

मार्गशीर्ष लागला की अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागतात. कापसाच्या गाड्या कडेनं जाताना फांद्यांना घासतात आणि थोडा थोडा कापूस काट्यांवर सोडून जातात. मूर्तिजापूर मागे पडलं की टिनाच्या कुंपणांआड जिनिंगचे ढीग दिसतात, घरांपेक्षा उंच. हवा कोरडी. उन्हाचा तिखटपणा गेलेला, आणि सावलीत बसलं तर लगेच अंगावर काही घ्यावंसं वाटतं. गेल्या आठवड्यात एसटीच्या खिडकीशी बसून मी हे पाहत होते. शेजारच्या बाई डुलक्या घेत होत्या. वेचणीचे दिवस परत आले, एवढंच मनात आलं. त्यात फार दुःख नव्हतं, आनंदही नव्हता. ओळखीच्या माणसानं रस्त्यापलीकडून मान हलवावी, तसा एक जुना हंगाम समोरून गेला.

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात वस्त्रकला शिकवते. कापड कसं विणतात, रंगवतात, त्यावर नक्षी कशी बसवतात, हे सगळं. आमच्या विषयाकडे लोक साधारण दोन नजरांनी पाहतात. काहींना तो शिवणकामाचा वर्ग वाटतो आणि काहींना फॅशन शोची तालीम. ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी मला स्वतःलाही तो नक्की काय आहे हे सांगता आलं नसतं. मुली इंटरनेटवरून डिझाइनं उचलून आणत होत्या, मी त्यांना मार्क देत होते, आणि दिवस बरे चालले होते.

अशात अकोल्याहून एक फोन आला.

"मॅडम, तुमी कापडाच्या डिझाइनी शिकवता म्हणे. माह्याकडे कापूस हाय. पण पांढरा नाही."

बोलणारे डॉ. मनोहर ताथोड होते. कापसाच्या संशोधनातले शास्त्रज्ञ, मूळचे तेल्हाऱ्याचे. नंतर लक्षात आलं की बैठकीत, कागदावर आणि वरिष्ठांशी ते स्वच्छ प्रमाण मराठी बोलत. शेतात पाय ठेवला, किंवा कुणावर विश्वास बसला, की वऱ्हाडीवर येत. माझ्यावर त्यांचा विश्वास पहिल्याच वाक्यात कसा बसला, ते मला कधी कळलं नाही. कदाचित ते तेव्हा शेतातून बोलत असावेत.

मी गेले. संशोधन केंद्राच्या एका टोकाला, बाकीच्या शेतापासून लांब, मधे तुरीचे दाट पट्टे सोडून त्यांचं छोटं वावर होतं. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, नेहमीसारखीच, गुडघ्याच्या वर, पानं लालसर झालेली. बोंडं मात्र फुटली होती ती तपकिरी. काही बदामी, काही काकवीसारखी. पुढच्या काही ओळींत तर हिरवी. भडक नाही, मुगाची साल भिजवून वाळवली तर जशी होईल तशी. मी पन्नाशीकडे झुकलेली बाई, जन्म कापसाच्या मुलखात गेलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा झाडावरच रंगलेला कापूस पाहत होते. हात लावायला जरा वेळ लागला.

"याले रंगवावं लागत नाही," सर म्हणाले. "रंगाचं पाणी नाही, रसायन नाही, नाल्यात काही सोडा लागत नाही. धागा आखूड हाय, कमजोर हाय, हे मान्य. पण मी म्हणतो, कापड होईन का? तुमी सांगा."

प्रत्येक झाडाला क्रमांकाची चिठ्ठी होती. प्रत्येक झाडाचा कापूस वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तोच क्रमांक. त्यांच्या प्रयोगशाळेत रंग मोजण्याचं एक यंत्र होतं. कापसाचा पुंजका त्याच्या काचेवर ठेवला की यंत्र आकडे देई: किती उजळ, किती लालसर, किती हिरवट. सर आकडे वाचून मान डोलवायचे, गवयानं तानपुऱ्यावर डोलवावी तसे. मला ते थोडं विनोदी वाटलं. समोर खिडकीतून ऊन येतंय, टेबलावर इतके देखणे रंग पसरलेत, आणि हा माणूस त्यांच्याकडे न पाहता आकड्यांकडे पाहतो. शास्त्रज्ञ असेच असतात, असं मी स्वतःला सांगून टाकलं. असं ठरवून टाकलं की पुढे विचार करावा लागत नाही.

त्या दुपारी त्यांनी संत्री आणली. ढिगातून एकेक उचलून नाकाशी नेत, हातात तोलून बाजूला ठेवत होते. माझ्यासमोर ठेवलेलं संत्र गोड निघालं, जरी सालीवरून ते कच्चं दिसत होतं.

"कसं ओळखलं?" मी विचारलं.

"वासानं," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

त्या वर्षाअखेरीस एक आढावा समिती येणार होती. रंगीत कापसाचं काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ती ठरवणार होती. सरांची निवृत्ती जवळ आली होती. आता बंद पडलं तर ते पुन्हा कुणी उघडणार नव्हतं. समितीपुढे नुसते आकडे ठेवून भागणार नाही, हातात धरता येईल असं काही हवं, म्हणून मी. कराराची भाषा नव्हती. त्यांनी कापूस द्यायचा, मी कापड द्यायचं.

अमरावतीजवळच्या एका खादी केंद्रानं सूत कातून दिलं, बरीच कुरकुर करत. मग ते सूत घेऊन मी अचलपूरला गेले. तिथं नसीमआपा हातमाग चालवत. साठीच्या, बोटं लांबसडक, बोलणं चटचटीत. घरातले बाकीचे मागावरून उठून दुकानांकडे गेले होते, ह्या मात्र बसून होत्या. मी सूत समोर ठेवलं तर त्यांनी ते गालाला लावून पाहिलं.

"ये किसने रंगाया, बाई?"

"कुणीच नाही. झाडालाच असं आलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुताकडे. "अल्ला की कारीगरी है तो ठीक है," त्या म्हणाल्या. "पर सूत तं लई नाजूक है. जोर लगाया के टूटा."

आम्ही दोघींनी मिळून ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, थोडं पांढरं गिरणीचं सूत घालायचं ठरवलं, म्हणजे कापडाला पाठकणा राहील. आडव्या बाण्यात तपकिरी आणि हिरवा. नक्षी मी काढली. खूप दिवसांनी मी मनापासून नक्षी काढली, हे इथं लिहायला हरकत नाही. बारीक आडवे पट्टे, तपकिरी आणि हिरव्याचे, कुठे जवळ, कुठे लांब, वावरातल्या नांगराच्या तासांसारखे. दोन्ही रंगांचा गडदपणा मी मुद्दाम सारखा निवडला. त्यामुळे पट्टे ओरडत नव्हते. लांबून पाहिलं तर कापड शांत, जवळ आलं तर आतून हलणारं. नसीमआपांचा माग खटखटत राही, धागा तुटला की थांबे, त्या थुंकी लावून गाठ मारत आणि अस्सल वऱ्हाडी शिवी देत. थंडीत त्यांच्या ओसरीवर ऊन यायचं ते सरकत सरकत मागाच्या पायापर्यंत जायचं. माझ्या त्या हंगामातल्या सगळ्यात निवांत दुपारी त्याच. मी काही करत नसे, फक्त बसून राही.

एका शालीएवढं कापड झालं. सूत संपलं.

मी ते घेऊन अकोल्याला गेले. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर पसरलं. सरांनी हात धुतले, पुसले, आणि कापडावरून तळवा फिरवला. बराच वेळ.

"सुंदर," ते म्हणाले. "आणि साधं ठेवलं ते लई बरं केलं मॅडम. उगीच डिझाइन नाही टाकली."

मला आधी वाटलं ते थट्टा करतायत. मग वाटलं, हा माणूस उद्धट आहे. महिनाभराचं काम समोर पडलेलं, आणि हे म्हणतात डिझाइन नाही. मी जरा कडक आवाजात म्हटलं, "सर, हे पट्टे आहेत. इथून तिथपर्यंत सगळे पट्टेच आहेत."

त्यांचा हात कापडावरच थांबला. त्यांनी खाली पाहिलं, मग खिडकीकडे, मग दाराकडे. दार उघडं होतं. त्यांनी जाऊन ते लावून घेतलं.

"कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

मी बोटानं दाखवलं. हा तपकिरी. हा हिरवा. हा पुन्हा तपकिरी.

"मले नाही दिसत," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. एखाद्या वाणाचे गुण सांगावेत इतक्या सपाट आवाजात सांगितलं. लाल, हिरवा, तपकिरी ह्यांतला फरक त्यांना जन्मापासून कळत नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला त्यांनी झाड काढलं, खोड हिरवं आणि पानं तपकिरी. वर्ग हसला, मास्तरांनी कान पिळला. तेव्हापासून खडूच्या पेटीला हात लावला नाही. पुढे कृषी शिकताना आनुवंशिकतेच्या धड्यात आपलंच प्रकरण त्यांना छापलेलं सापडलं.

"आईकडून येते हे. आईले स्वतःले काही होत नाही, पण ती देते. माह्या मामालेही होतं, तो बिचारा जन्मभर म्हणे मले डोळे आले. पुस्तकात वाचलं तेव्हा मी खरं सांगतो, खुश झालो. म्हटलं चला, याले काही नियम हाय."

"मग रंगीत कापसावर कशाला आलात?" मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"आलो नाही, दिलं मले. आधीचे साहेब गेले, वावर माह्या गळ्यात आलं. तेव्हा सांगायले पायजे होतं. नाही सांगितलं. काहून सांगू? लोक हसले असते, दुसरं काय झालं असतं. मंग हे यंत्र आलं. म्हटलं आपल्याले डोळ्यानं दिसत नाही, तं मोजून पाहू. सगळंच मोजलं. एक झाड सोडलं नाही."

मी कापडाकडे पाहिलं. पट्टे होते तिथेच होते. ज्यानं तो कापूस वाढवला, त्याला ते नव्हते. मी घडी घालायला लागले.

आता वर्गात मुलींना मी सुरुवातीलाच एक काम देते. आपल्या नक्षीचा काळा-पांढरा फोटो काढा आणि मला दाखवा. रंग गेल्यावर जे उरतं, ते उजळ-गडदाचं अंतर असतं. तेही नसेल तर नक्षी फक्त रंगाच्या भरवशावर उभी आहे. पहिल्या वेळी निम्म्या मुली रडकुंडीला येतात. त्यांचे फोटो सगळे एकसारखे राखाडी निघतात. हे मला कुणी कॉलेजात शिकवलं नाही. अकोल्याहून परतताना बसमध्ये, मांडीवर ती घडी घेऊन बसले होते तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं. दोन्ही रंगांचा गडदपणा सारखा ठेवला ह्याचा मला अभिमान होता. नेमक्या त्याच गोष्टीनं त्यांच्यासाठी कापड कोरं झालं होतं.

काही दिवसांनी मी फोन केला.

"सर, कापड अजून धुतलेलं नाही. मागावरून निघालं तसंच आहे. तुम्ही एकदा म्हणाला होतात, तपकिरी कापूस सोड्याच्या पाण्यात उकळला की गडद होतो."

"होतो न. लई होतो. रंगवलेला धागा रंग सोडते, हा उलटा धरते."

"आणि हिरवा?"

"हिरवा बदलते, पण तुमाले दिलेला वाण सगळ्यात कमी." ते बोलता बोलता थांबले. पलीकडून फाइल उलटल्याचा आवाज आला. "मॅडम," ते म्हणाले, "आकड्यावरून पाहिलं तं... मले दिसन."

लगेच पुढे म्हणाले, "पण नका करू. समितीपुढे तेच एक कापड हाय. सूत संपलं. आटलं, फाटलं, तं काय दाखवू? माह्यासाठी नका उकळू."

खरं सांगायचं तर भीती मलाही होती, आणि ती फाटण्याची नव्हती. ते शांत कापड मला आवडलं होतं. उकळल्यावर पट्टे ठळक होणार, तो आतला हलकासा हलणारा भाव जाणार. अचलपूरला फोन केला तर नसीमआपा म्हणाल्या, "कपडा है ना बाई? कोई तो धोएगा. आज देखलो क्या होता है." विणताना तुटून पडलेल्या सुताचे चार तुकडे माझ्याकडे होते, ते मी वाटीत उकळून पाहिले. सूत टिकलं. मग सरांना म्हटलं, या अमरावतीला, तुमच्यासमोर करते.

ते रविवारी आले. कॉलेज बंद होतं. रंगाईच्या खोलीत मी मोठं पातेलं गॅसवर चढवलं, धुण्याचा सोडा टाकला. सर कोपऱ्यात खुर्चीवर ताठ बसले होते, दवाखान्यात आत नातेवाईक असावा तसे. कापड पाण्यात गेलं. वाफ आली, ओल्या सरकीसारखा वास आला. मी लाकडी दांड्यानं हळूहळू हलवत राहिले. मधे ते दोनदा बाहेर जाऊन आले. बोलण्यासारखं एकच होतं आणि ते पातेल्यात होतं.

बाहेर काढलं, थंड पाण्यात धुतलं आणि मागच्या अंगणात दोरीवर टाकलं. ओलं असताना सगळंच गडद दिसत होतं. सर जवळ आले नाहीत. हिवाळ्यातलं कोरडं ऊन आणि वारा, कापड लवकर वाळायला लागलं. एका टोकापासून उजळत गेलं. मी सरांकडे पाहत नव्हते; मला वाटलं पाहू नये. मी दोरीवरच्या चिमट्यांशी उगाच काहीतरी करत होते.

"हा एक," मागून आवाज आला.

मग थोड्या वेळानं, "हा दुसरा. इथं जवळ जवळ आहेत न? मंग इथं अंतर हाय."

"हो."

"वावरातल्या तासासारखं केलं काय तुमी?"

मी वळले. ते दोरीजवळ येऊन उभे होते. हात मागे बांधलेले, चेहरा कापडाच्या अगदी जवळ. एकेक पट्टा वाचत चालले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. फक्त मान पुन्हा पुन्हा वरून खाली जात होती, आणि टोकाला पोचले की परत पहिल्यापासून.

"हे आधीपासूनच होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मी म्हटलं साधं ठेवलं बरं केलं," ते म्हणाले, आणि एकदम खूप हसले. मीही हसले. मग त्यांनी त्यांच्या बायकोला फोन लावला आणि जवळजवळ ओरडून सांगितलं, "अवं, मले पट्टे दिसून राहिले!" पलीकडून त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. ते बराच वेळ "हो, हो, खरंच" एवढंच म्हणत होते.

समिती आली तेव्हा वेचणी संपत आली होती. मलाही बोलावलं होतं. लांब टेबल, पांढरं आच्छादन, त्यावर आमचं कापड, आणि बाजूला दोन ताटल्यांत कापूस, एकीत तपकिरी, एकीत हिरवा. चहा फिरताना ताटल्या सरकल्या, चिठ्ठ्या कुठेतरी राहिल्या. कापड हातोहात गेलं. अध्यक्ष बाई होत्या, त्यांनी ते खांद्यावर टाकून पाहिलं. सगळं बरं चाललं होतं. मग एक तरुण सदस्य, अगदी सहज, काही वाईट मनात नसताना म्हणाला, "सर, जरा तो हिरवा इकडे द्या ना. उजेडात बघतो."

सर उभे होते. दोन्ही ताटल्या त्यांच्यासमोर. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. माझा हात थोडा उचलला गेला होता. इशारा करता आला असता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग मुद्दाम पाहणं थांबवलं.

"मला सांगता येणार नाही, कोणता हिरवा ते," ते प्रमाण मराठीत म्हणाले. "मी रंगांध आहे. लाल, हिरवा, तपकिरी मला वेगळे दिसत नाहीत."

कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला.

"इतकी वर्षं तुम्ही ह्याच कामावर आहात," अध्यक्ष म्हणाल्या. प्रश्न होता की काय, कळलं नाही.

"हो. म्हणून मी एकही झाड नजरेनं निवडलेलं नाही. सगळी मोजलेली आहेत. तुम्ही कुठलाही क्रमांक सांगा."

समितीनं क्रमांक सांगितले. सरांनी आकडे सांगितले. ताटल्यांतला कापूस यंत्रावर नेला, पुन्हा मोजला, जुळला. कुणी हसलं नाही. उलट त्यानंतर ती सगळी माणसं कागद नीट वाचायला लागली. त्याआधी नुसती पानं उलटत होती. तो तरुण सदस्य कानापर्यंत लाल झाला होता. ते सरांना अर्थातच दिसलं नसावं.

निर्णय विरुद्ध गेला. कारण रंगांधळेपणा नव्हतं, हे मी ठामपणे सांगू शकते, कारण अध्यक्षांनी खरं कारण समजावून सांगितलं आणि त्यात तथ्य होतं. चहूकडे पांढऱ्या कापसाचा मुलूख. वाऱ्यानं, मधमाश्यांनी, जिनिंगमध्ये, कुठेही थोडी सरमिसळ झाली आणि शेजारच्याच्या पांढऱ्या रुईत तपकिरी धागा निघाला, तर त्याचा अख्खा माल परत येईल. नुकसान ज्यांचं होईल ते ह्या टेबलाशी बसलेले नव्हते. बियाणं शीतगृहात जपून ठेवायचं आणि वावर मोकळं करायचं, असं ठरलं. सरांनी वाद घातला नाही. मी घरी येऊन दोन दिवस चिडचिड केली, मग परीक्षा लागल्या.

ते आता निवृत्त होऊन तेल्हाऱ्याला असतात. अधूनमधून फोन येतो. परसात वांगी लावलीत, आणि पिकलेलं टमाटं अजून बायकोला विचारूनच तोडतात. नसीमआपांचा माग चालू आहे, रंगवलेल्या सुतावर. कापड आमच्या कॉलेजात काचेच्या कपाटात होतं. पुढे ऊन लागून हिरवा फिका पडायला लागला तेव्हा मी ते काढून अंधाऱ्या कपाटात ठेवलं. मुलींना दाखवते, हात लावू देते. त्या विचारतात, ह्याचा बाजारात उपयोग झाला का? मी नाही म्हणते. त्यांचा चेहरा पडतो. मला वाटतं, पडू द्यावा. कलावंत आणि शास्त्रज्ञ एकत्र आले की काहीतरी थोर घडतं, असं भाषणांत सांगतात. आमच्या बाबतीत एका माणसाला एका कापडावरचे पट्टे दिसले. मी ते कमी लेखत नाही आणि वाढवूनही सांगत नाही.

वावर मोकळं करायच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला होता. शेवटची वेचणी बाकी आहे, येता का. मी सकाळच्या बसनं गेले. पऱ्हाट्या वाळून कुडकुडीत झाल्या होत्या, पानं गळलेली, शेंड्यांवर उशिरा फुटलेली थोडी बोंडं. आम्ही दोघंच होतो. पलीकडच्या बांधावर ट्रॅक्टर आणून ठेवला होता.

मी वेचायला वाकले तर ते म्हणाले, "थांबा. तुमी आधी सांगा."

"काय?"

"रंग. यंत्राचे आकडे मले पाठ आहेत. तुमाले कसा दिसते ते सांगा. हरएक झाडाचा. मंग तोडू."

मी वर्गात कितीदा सांगितलंय की रंग शब्दांत सांगता येत नाही. तरी सांगायला लागले. हा भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा. म्हणजे मऊ तपकिरी, त्यात थोडा गुलाबी. "गुलाबी मले कळत नाही," ते म्हणाले, "पण शेंगदाणा कळते. पुढं." हा चहात दूध जरा जास्त झालं तर होतो तसा. हा पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशीच्या मातीसारखा. हिरव्याला अवघड गेलं. पाण्याच्या टाकीच्या आतल्या शेवाळासारखा, म्हटलं, पण वाळलेला. ते डोळे मिटून ऐकत, बोंड चिमटीत धरत, क्रमांक पुटपुटत, मग तोडून पिशवीत टाकत. असं आम्ही ओळीमागून ओळ जात राहिलो. ऊन चढलं. माझा घसा कोरडा पडला आणि उपमा संपत आल्या. मसाल्याचा डबा संपला, डाळी संपल्या, घोड्याबैलांवर आले.

शेवटच्या ओळीत एक झाड होतं. त्याचं बोंड कधीतरी लवकर फुटून उन्हात राहिलं असावं. रंग हिरवा होता की नव्हता, तपकिरीकडे गेला होता की पांढऱ्याकडे. मी ते हातात धरून उन्हाकडे केलं, मग सावलीत नेलं. पुन्हा उन्हाकडे केलं.

"सांगा न," सर म्हणाले.

"नाही सांगता येत, सर. मला कळतच नाहीये हा कोणता रंग आहे."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहून, सावकाश, सगळा चेहरा भरून हसले.

"असं असते ते," ते म्हणाले. "आता कळलं न तुमाले?"

मग त्यांनी माझ्या हातून ते बोंड घेतलं, पिशवीवर क्रमांक लिहिला, आणि आम्ही पुढच्या झाडाकडे वळलो.